अंबूताई बाहेर बसते

आमच्या अंबूताईला कुणी प्रेमळ म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. ती माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. सगळा बाजार तिला अंबूताई म्हणतो म्हणून आम्ही घरातलेही तेच म्हणतो. जुन्या हुबळीत आमचं कापडाचं दुकान आहे. पुढं अप्पा, म्हणजे माझे वडील मुकुंदराव, साड्या आणि ब्लाउजपीस विकतात. मागं जिन्याखाली, जिथं पुरुष गिऱ्हाईक पाऊल टाकत नाही, तिथं अंबूताई बसते. परकर, गाऊन आणि ज्याचं नाव बायका मोठ्यानं घेत नाहीत ते सगळं तिच्याकडं. बायका पुढं वाकून माप सांगतात, ती खोका काढते, कागदात गुंडाळते आणि हातात देते. नुकतीच बाळंत झालेली येते, ऑपरेशनमध्ये एक बाजू काढून टाकलेली येते, नवऱ्याला न सांगता लाल रंगाचं काही मागणारीही येते. अंबूताईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही.

एकदा एक सासूबाई साळसूदपणे म्हणाल्या, "आमची सून काल येऊन गेली म्हणे. काय नेलंन?"

"पैसे देऊन गेली," अंबूताई म्हणाली आणि पुढच्या बाईकडं वळली.

याला लोक शिष्टपणा म्हणतात. म्हणोत. ज्या गावात कुणाच्या घरी सकाळी काय शिजलं ते दुपारपर्यंत तिसऱ्या गल्लीला कळतं, त्या गावात तोंड मिटून बसणारी एक बाई असणं किती मोठी गोष्ट आहे, हे माझ्यावर पाळी आल्याशिवाय मला कळलं नाही. आणि गंमत म्हणजे माझी भानगडही पाळीचीच होती.

माझी पाळी कधीच वेळेवर येत नसे. तीन-तीन महिने पत्ता नाही, आणि आली की पंधरवडाभर जायचं नाव नाही. कॉलेजात बाकावरून उठताना मी आधी मैत्रिणीला मागं बघायला सांगायची. जिना चढले की डोळ्यांपुढं अंधारी. आईला सांगितलं की तिचं एकच, "लग्न झालं की सगळं जागेवर येतंय." लग्न म्हणजे काय गोकुळ रोडवरचं गॅरेज आहे, गाडी आत ढकलली की दुरुस्त होऊन बाहेर यायला? पण एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी एकदा दुकानातच चक्कर येऊन पडले, तेव्हा आईचाही धीर सुटला. गदगचं एक स्थळ तेव्हा जवळजवळ ठरत आलं होतं. कुसुमकाकू म्हणून आमच्या समाजातल्या बाई आहेत, त्या मुलाच्या मावशी. त्यांनीच ते आणलेलं. मुलाशी मी दोनदा फोनवर बोलले होते आणि तो मला आवडला होता. ते लपवायचं कारण नाही.

आई मला बाजारातल्या आमच्या नेहमीच्या बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं काउंटरला रेखा असते, आमच्याच समाजातली. बाकांवर ओळखीच्या बायका खच्चून बसलेल्या, आणि रेखानं त्या सगळ्यांदेखत विचारलं, "लग्न झालंय काय? शेवटची पाळी कधी?" मी खाली बघितलं. आईनं उत्तरं दिली. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही आईनंच दिली, काही बरोबर, काही तिच्या मनानं. रक्त किती जातं हे माझ्या आईला कसं माहीत असणार? पण ती सांगत होती आणि बाई लिहून घेत होत्या. मला कुणी काही विचारलं नाही. माझं पोट तेवढं सोबत आणलं होतं.

रेखानं मोबाईल नंबर मागितला तेव्हा आईनं दुकानाचा दिला. आमच्याकडं रीतच आहे ती. मुलीचा नंबर परक्याला द्यायचा नाही. कोण कुठला माणूस रात्रीबेरात्री फोन करेल, कोण मेसेज पाठवेल. म्हणून गॅसपासून कॉलेजच्या अर्जापर्यंत सगळीकडं पाटीवरचा दुकानाचा नंबर. त्यात मुलीची अब्रू सांभाळली जाते अशी आमची समजूत. मीही त्या समजुतीत वाढले, त्यामुळं तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सोनोग्राफी झाली. दोन दिवसांनी दुपारी दुकानात फोन वाजला. अप्पांच्या दोन्ही हातांत कापड, समोर गिऱ्हाईक, म्हणून त्यांनी नेहमीसारखा फोन स्पीकरवर टाकला.

"मुकुंदण्णा, रेखा बोलतेय दवाखान्यातनं. सायलीचा रिपोर्ट आलाय. पिशवीजवळ गाठी दिसालेत म्हणं. लग्नाचं बघालाय नव्हं तुम्ही? लवकर घेऊन या तिला."

आणि समोरचं गिऱ्हाईक कोण, तर कुसुमकाकू. अप्पांनी झडप घालून फोन बंद केला, पण बाण सुटला होता. कुसुमकाकूंनी हातातला ब्लाउजपीस खाली ठेवला, "येते हं," म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळपर्यंत माझ्या गाठी लिंबाएवढ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी नारळाएवढ्या. नंतर नंतर तर मला मूल होणार नाही हे सगळ्या समाजाला पक्कं ठाऊक झालं. डॉक्टरांनी मात्र ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आई देवापुढं बसून राहिली. अप्पा माझ्याशी नजर मिळवेनात. मला इतकी लाज वाटली की मी जेवायलाही खाली येईना, आणि लाज कशाची ते मला सांगता येत नव्हतं. मी काय चोरी केली होती?

 दोन दिवसांनी एका सकाळी अंबूताईनं काउंटरवर कापड झाकलं आणि मला म्हणाली, "चप्पल घाल."

ती मला सरळ त्या दवाखान्यात घेऊन गेली. बाक भरलेले. रेखानं तिला बघून हसायचा प्रयत्न केला. "अंबूताई, मी चांगल्यासाठीच फोन केला की. आपलीच पोरगी म्हणून."

अंबूताई आवाज न चढवता बोलली. पण तिचा साधा आवाजही शेवटच्या बाकापर्यंत जातो. "रेखा, तू लग्न होऊन आलीस तेव्हापासनं माझ्याकडनं कपडे नेतीस. तुझं माप मला पाठ आहे. सांगू काय इथं?"

 रेखाच्या कानांपर्यंत रक्त चढलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, सांग. सांगून टाक. एकदा तिलाही कळू दे.

"सांगणार नाही," अंबूताई म्हणाली. "मरेपर्यंत सांगणार नाही. मला कुणी शिकवलं नाही, मी सातवी पास. बाई विश्वासानं पुढं वाकली की आपण तोंड मिटायचं, एवढंच मला कळतं. तुलाही कळायला पाहिजे. हिचे कागद दे."

मागं बसलेली एक म्हातारी कानडीत म्हणाली, "सरी हेळिदळु." बरोबर बोलली म्हणून. रेखानं कागद दिले. डॉक्टरीणबाई आतून दारापर्यंत आल्या, बघितलं आणि परत आत गेल्या. त्यांनी निदान दोन शब्द बोलायला हवे होते, असं मला आजही वाटतं.

बाहेर आल्यावर अंबूताईनं ठरवून टाकलं. धारवाडला, मळमड्डीत, श्रीनिधी मॅडम म्हणून एक डॉक्टर आहेत. तिथं मास्तर लोक जातात, पेन्शनर जातात. आपल्या बाजारातलं कुणी फिरकत नाही. तिथं जायचं. पण त्याआधी तयारी.

ही तयारी दुकानाच्या माळ्यावर झाली, परकरांच्या गठ्ठ्यांमध्ये. अंबूताई एका गठ्ठ्यावर बसून डॉक्टर झाली.

"काय होतंय?"

"अडचण वेळेवर येत नाही."

"कसली अडचण? नळाचं पाणी?"

"अंबूताई, ते…"

"पाळी म्हण."

"खाली अप्पा आहेत."

"असू दे. तो काय बाईच्या पोटातनं आला नाही? पाळी म्हण. मोठ्यानं."

मी म्हटलं. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग म्हटलं. मग रक्त म्हटलं, अंग म्हटलं, आणि ज्या जागेला आम्ही आयुष्यभर 'तिकडं' म्हणत आलो त्या जागेचं नावही घेतलं. खाली अप्पांचा खोकल्याचा आवाज आला. मला हसू फुटलं आणि अंबूताईही हसली. ती हसते तेव्हा बघण्यासारखी असते, पण ते क्वचित.

तिनं मला मागच्या वर्षभराच्या तारखा आठवायला लावल्या. कधी आली, किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड लागले, आईनं कुणाकुणाकडचे काढे पाजले. "लपवायचं नाही. लपवलंस तर औषध चुकतंय." सैल सलवार घाल, वरचा कुडता आखूड घाल, म्हणजे पोट तपासताना सगळं उतरवावं लागत नाही, असं सांगितलं. पुन्हा सोनोग्राफी करतील तर भरपूर पाणी पिऊन जा. "आणि हात लावायच्या आधी विचार, काय करणार, कशासाठी करणार. नको वाटलं तर नको म्हण. डॉक्टरीण रागावली तर रागावू दे."

मग जरा थांबून म्हणाली, "लग्न झालंय काय म्हणून विचारतात नव्हं, त्याच्या आत दुसरा प्रश्न असतो. कुणाबरोबर झोपलीस काय, हा. तो सरळ विचारला तर सरळ उत्तर द्यायचं, जे काय असेल ते. ते मला ऐकायचं नाही. म्हणून मी आत येणार नाही."

"मी एकटी?"

"तोंड आहे नव्हं तुला?"

धारवाडला जाताना बसमध्ये खिडकीजवळ बसून तिनं मला स्वतःचं सांगितलं. मला वाटायचं तिला नवऱ्यानं टाकलं. सगळ्यांना तेच वाटतं. झालं होतं असं की लग्नानंतर काही वर्षं मूल नाही म्हणून सासू तिला दवाखान्यात घेऊन गेली. सासू आत बसली, सासूच बोलली. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी अंबूताईला बाहेर थांबायला सांगितलं. नंतर घरी कुणी काही बोललं नाही. पुढं चैत्रात शेजारच्या हळदीकुंकवाला गेली, तर तिथं एक बाई दुसरीला म्हणाली, हिची ओटी कशाला भरालीस, हिला काही व्हायचं नाही.

"माझ्या पोटाची बातमी मला हळदीकुंकवात कळली," अंबूताई म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यालासुद्धा. मूल नाही म्हणून मी सासर सोडलं नाही गं. नवऱ्यानं दुसरी आणली असती तरी मी नांदले असते कदाचित. पण माझं मलाच सांगितलं नाही, ते मला सोसलं नाही. पिशवी भरली आणि निघाले."

मी तिचा हात धरला. तिनं तो थोडा वेळ धरू दिला आणि मग कंडक्टरला सुट्टे द्यायचे म्हणून काढून घेतला.

मळमड्डीतला दवाखाना छोटा होता. काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल नंबर विचारला आणि माझ्या जिभेवर दुकानाचा नंबर आपोआप आला. पहिले चार आकडे मी सांगितलेही. अंबूताईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मी थांबले. म्हटलं, तो खोडा, आणि माझा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या जागी माझा नंबर दिला, आणि छप्पर काही कोसळलं नाही.

नाव पुकारल्यावर नर्स म्हणाली, "मोठ्यांपैकी कोण आहे? आत या."

"मोठी तीच," अंबूताई म्हणाली, आणि पदर सावरून बाकावर आणखी मागं टेकून बसली.

श्रीनिधी मॅडम वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. कानडीत बोलत होत्या, मीही कानडीतच बोलले. त्यांनी काही विचारायच्या आधी मीच विचारलं, "मी इथं जे सांगेन ते कुणाला कळणार?" त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला आणि तुला. तू सज्ञान आहेस. तुझ्या आईचा फोन आला तरी आधी तुला विचारीन, सांगू का म्हणून." मला रडू आलं, आणि रडतारडताच मी बोलायला लागले. माळ्यावर पाठ केलेलं सगळं बोलले आणि न पाठ केलेलंही.

काय बोलले, त्यांना काय सापडलं, रेखाचं कितपत खरं होतं, हे मी इथं लिहिणार नाही. इतकं वाचल्यावर वाचणाऱ्यांना राग येईल. येऊ दे. औषध सुरू झालं आणि घाबरण्यासारखं काही नाही, एवढं मी घरी सांगितलं. तेवढंच तुम्हालाही.

पण घरी सांगितलं आणि नवीनच भानगड उभी राहिली. अप्पांचा चेहरा उजळला. "घाबरण्यासारखं नाही नव्हं? मग मॅडमकडनं तसं चार ओळींत लिहून आण. गदगला पाठवूया. कुसुमताईंचं तोंड बंद." आईनंही मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतली आशा बघून माझं मन डळमळलं. चार ओळींचा तर प्रश्न, आणि खरं तेच तर लिहायचं. मुलगाही मला हवा होता.

अंबूताई भाजी निवडत होती. "मुकुंदा, पाठवायचं नाही," म्हणाली.

"अक्का, चांगलंच आहे ते. चांगलं सांगायला काय लाज?"

"आज चांगलं म्हणून वाचून दाखवशील. उद्या काही निघालं आणि गप्प बसलास, तर लोक आपोआप समजतील. एकदा दार उघडलंस की चांगलं-वाईट दोन्ही तिथनंच जातंय. आणि तू कोण पाठवणार? विचार तिला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.  मी म्हटलं, "नाही पाठवायचं." आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

पुढच्या रविवारी कुसुमकाकू मुलाच्या आईला घेऊन आमच्याकडं आल्या. आईनं शिरा केला होता. येण्याआधी मी अंबूताईला म्हटलं होतं, त्यांनी विचारलंच तर मी म्हणेन, तुमच्या मुलाचीही तपासणी करून आणा. तर ती माझ्यावरच खवळली. "त्याचं काढायचं नाही. त्याचं शरीर त्याचं आहे. आपल्याला नको ते दुसऱ्याला करायचं नाही."

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मुलाची आई हळूच अप्पांना म्हणाली, "तसं आमचं काही नाही हो. पण ते रिपोर्टचं काय झालं, तेवढं कळलं असतं तर बरं."

अप्पांनी तोंड उघडलं. अंबूताई फक्त "मुकुंदा" म्हणाली, आणि अप्पांनी ते मिटलं. साठीच्या घरात आलेला माणूस, पण थोरल्या बहिणीपुढं त्यांचं काही चालत नाही.

मी म्हटलं, "काकू, माझी तब्येत मी सांभाळते आहे. लग्न ठरलं तर ज्याच्याशी होईल त्याला मी स्वतः सांगेन, त्यानं मला विचारलं तर. दिवाणखान्यात सांगणार नाही."

"म्हणजे काहीतरी आहे तर," कुसुमकाकू म्हणाल्या.

"असं तुम्हाला वाटू शकतं," मी म्हटलं. "तरी मी सांगणार नाही."

शिरा तसाच राहिला. त्या गेल्या, आणि स्थळही गेलं. त्या मुलाचा पुन्हा फोन आला नाही. मी दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी रडले. अंबूताईनं समजूत घातली नाही. "वाईट वाटणारच," म्हणाली आणि मला जवळ बसवून गाऊनचे गठ्ठे सोडायला लावले. अप्पा महिनाभर धुसफुसत होते. समाजात अजून बोलतात, हट्टी पोरगी आहे, आत्याच्या वळणावर गेली. गेले तर गेले.

या सगळ्यात आई काहीच बोलली नव्हती. त्या रविवारी तिनं शिऱ्याच्या ताटल्या उचलल्या, घासल्या आणि पालथ्या घातल्या. मला वाटलं ती मला मनातून दोष देते आहे. मग एका दुपारी, अप्पा झोपलेले असताना, ती जिन्याखाली अंबूताईच्या काउंटरपाशी आली आणि परकर घडी करता करता, वर न बघता म्हणाली, "त्या धारवाडच्या मॅडम… मला पण एकदा जायचंय. बरेच दिवस झालेत. यांना बरोबर नको."

"शुक्रवारी जाऊया," अंबूताई म्हणाली. का, कशासाठी, असं काही तिनं विचारलं नाही.

शुक्रवारी आम्ही तिघी गेलो. आईनं काउंटरवर स्वतःचा नंबर सांगितला, तो तिला पाठ नव्हता म्हणून फोनमध्ये बघून. नाव पुकारल्यावर ती उठली, एकदा आमच्याकडं बघितलं आणि एकटी आत गेली. बराच वेळ दार उघडलं नाही. मी अंबूताईला विचारलं, "आईला काय झालंय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चाल हलकी होती. स्टेशनजवळ आम्ही चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं. आईनं दोन प्लेट खाल्ल्या.

घरी आलो तर अप्पा दारातच. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

मला कळायला लागल्यापासून अप्पांचा एकही प्रश्न आईनं अनुत्तरित सोडलेला मी ऐकलेला नाही. तिनं चप्पल काढली, पाय धुतले आणि पदरानं तोंड पुसलं.

"जे काय म्हणाल्या ते मला म्हणाल्या," आई म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.